टिटवी गल्लीतली पार्सलं

एव्हर्ट स्लोटबोम आयुष्यात एकाच परीक्षेत नापास झाले, आणि तेही सगळी उत्तरं बरोबर देऊन.

परीक्षा त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली. हेग शहरात एखादं म्हातारं माणूस जिन्यावरून घसरलं, की पालिकेची बाई सायकलवरून येते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि गप्पा मारते. या गप्पांना कायद्यात जागा आहे. गप्पा संपल्या की त्या माणसाचं पुढे काय करायचं ते ठरतं. त्यामुळे लोक त्यांची तयारी लग्नाच्या बोलण्यांसारखी करतात: टेबल पुसतात, दाढी करतात आणि कुठपर्यंत खोटं बोलायचं ते आधी ठरवून ठेवतात.

स्लोटबोम घसरले ते शेवटच्या पायरीवरून. शेवटच्याच, हे ते प्रत्येकाला बजावून सांगत. वरच्या साऱ्या पायऱ्या ते बिनचूक उतरले होते. डावं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांची मुलगी मार्लेन दूर ग्रोनिंगेनला राहायची आणि दर रविवारी ठरल्या वेळी फोन करायची. त्या आठवड्यात वडिलांचा फोन मंगळवारी आला, तेव्हाच ती समजून चुकली की हाड मोडलंय. पालिकेला तिनंच कळवलं.

स्लोटबोमांना हवी होती फक्त एक खुर्ची. भिंतीलगतच्या रुळावरून जिना चढणारी, विजेवर चालणारी. टिटवी गल्लीतल्या घरांचे जिने ज्यानं बांधले त्याला बहुधा शिडीच करायची होती, लाकूड उरलं म्हणून त्यानं पायऱ्या केल्या. पण निजायची खोली वर, न्हाणीघर वर, आणि कालव्यापलीकडचं पंपघर दिसायचं तेही वरच्याच खिडकीतून. त्या पंपघरात शहराचं पाणी बाहेर उपसण्यात स्लोटबोमांचा जन्म गेला होता. त्यांची बायको त्रूस गेली तीही त्याच खोलीत, त्याच खिडकीकडे तोंड करून. या घरातून आपण निघायचं ते आडवं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि तेही खिडकीतून दोरानं, कारण त्या जिन्यावरून आडवं काही उतरत नाही, कपाटसुद्धा नाही.

पालिकेची फेना विअर्डा ठरल्या मिनिटाला आली, तेव्हा स्लोटबोमांना हायसं वाटलं. मुलीवर संस्कार चांगले होते. त्यांनी कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला, तिनं एक उचललं, त्यांनी झाकण लावलं. सगळं रीतसर चाललं होतं.

स्वयंपाक कोण करतं, तिनं विचारलं. ते स्वतः. बाजार? स्वतः. आता हाताला प्लास्टर असताना शर्टाची बटणं? त्यांनी बिनबटणांचे कपडे काढून ठेवले होते. प्रत्येक उत्तरासरशी त्यांची पाठ आणखी ताठ होत गेली.

"आणि शेजारीपाजारी?" फेनानं विचारलं.

"फार चांगले लोक आहेत," स्लोटबोम म्हणाले. "कधी त्रास देत नाहीत."

माणसाची याहून मोठी स्तुती त्या देशात करता येत नाही.

"मेनेअर स्लोटबोम, उद्या तुम्ही परत पडलात, तर कोणाच्या लक्षात येईल?"

"कोणाच्याही नाही," ते अभिमानानं म्हणाले. "मी येऊ देणारच नाही."

फेनानं मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये काहीतरी लिहिलं आणि मग हळू आवाजात समजावून सांगितलं. खुर्ची देता येते. पण माणूस वरून खाली आलाच नाही हे बघायला कोणी नसेल, तर नुसत्या खुर्चीचा काय उपयोग? अशा वेळी पालिकेला दुसरी जागा सुचवावी लागते. शहराच्या कडेला, मोटारींच्या मोठ्या रस्त्यापलीकडे, नवीकोरी इमारत आहे: रुंद दारं, जिना नाही, प्रत्येक खोलीत मदतीला बोलवायला ओढायची लाल दोरी. ती पुढच्या गुरुवारी परत येईल आणि मग काय ते पक्कं होईल.

"घर किती नीटनेटकं ठेवलंय तुम्ही," निघताना ती म्हणाली. आवाजात दुःख होतं.

दार लागल्यावर स्लोटबोमांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोणाचीही गरज न लागणं हा विषय त्यांनी जन्मभर घोटून घोटून पाठ केला होता, आणि परीक्षकांनी ऐनवेळी विषयच बदलला होता. घरात राहायचं असेल तर आता शेजारी हवे होते. गुरुवारच्या आत.

टिटवी गल्लीचं पाटीवरचं नाव कीविटस्ट्रात. कीविट म्हणजे टिटवीच. स्लोटबोम आणि त्रूस इथे राहायला आले तेव्हा दारोदारच्या पाट्यांवर एकाच घाटाची आडनावं होती. दोन चर्चची माणसं होती, दुसऱ्या चर्चचे लोक नरकात जाणार याची दोघांनाही खात्री होती, आणि म्हणून ती एकमेकांना शिडी उसनी देत नसत. मग मुलं मोठ्या घरांकडे गेली, म्हातारे आणखी दूर गेले, आणि रिकाम्या घरांत सुरिनामहून, मोरोक्कोहून, पोलंडहून आलेली माणसं भरली. शिड्या आता सर्रास उसन्या मिळतात.

पालिका दरवर्षी शहराचा एक नकाशा छापते, वस्त्यांना रंग देऊन. टिटवी गल्ली त्यात नारिंगी होती. नारिंगी म्हणजे लक्ष ठेवण्याजोगी. सोबतच्या मजकुरात म्हटलं होतं की इथे एकेकटी राहणारी माणसं फार, म्हातारी फार, बाहेरून आलेली फार, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना एकाकी वाटतं. हे वाक्य गल्लीत सगळ्यांनी आवडीनं वाचलं आणि प्रत्येकाला बाकीच्यांची कीव आली.

नकाशात न दाखवलेल्याही काही गोष्टी होत्या. लोकांनी आपापल्या भिंतीलगतची फरसबंदी उखडून तिथे माणसाएवढे गुलखैरे वाढवले होते, आणि हमीदनं पुदिना. मोठाल्या खिडक्यांचे खालचे पडदे कोणी कधी ओढत नसे. संध्याकाळी गल्लीतून चाललं, की दोन्ही बाजूंना दिवे लावलेल्या खोल्यांत माणसं जेवताना, भांडताना, इस्त्री करताना दिसत, आणि चालणारा नाकासमोर बघून चालत राही. सगळ्यांना सगळं दिसतं आणि कोणी काही बघत नाही, अशी ही व्यवस्था होती. निदान स्लोटबोमांची तशी समजूत होती.

शुक्रवारी सकाळी ते शेजारी मिळवायला बाहेर पडले. भिंतीला भिंत लागून राहणारा हमीद दाराशी सायकलची साखळी पुसत बसला होता. हमीद ट्राम चालवायचा. स्लोटबोमांना तो, आणि अख्खी गल्लीच, "बुरमान" म्हणायची, म्हणजे नुसतं "शेजारी".

"हमीद, एकदा कॉफीला ये," स्लोटबोम म्हणाले.

हमीदनं हात पुसले आणि फोन काढला. "कॉफी म्हणजे, बसून?"

"बसून."

"वीस तारखेच्या आधी कठीण आहे, बुरमान. पाळ्या आहेत, पोरीचं पोहणं आहे, मग सासूबाई येतायत. काही खास?"

"छे. सहज."

हमीदनं मान वर केली. त्या गल्लीत सहज कॉफी कोणी पीत नसे. "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"मग वीस तारीख."

समोरच्या घरात रोशनीबाई सुखाई राहायच्या. त्यांचे पणजोबा बिहारमधून बोटीनं सुरिनामला ऊस तोडायला गेले होते, आईवडील सुरिनामहून विमानानं हेगला आले होते, आणि रोशनीबाई, जन्मभर इस्पितळात परिचारिका म्हणून राबून निवृत्त झालेल्या, आता इतक्या पक्क्या हेगवासी झाल्या होत्या की सख्खी बहीणसुद्धा वेळ ठरवल्याशिवाय त्यांच्या दाराची घंटा वाजवत नसे. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि ईस्टरनंतरचा दिवस दिला. टोकाच्या घरातली जुळ्यांची आई म्हणाली, किती छान कल्पना, मी नक्की तारीख बघते. म्हणजे तिनं नाही म्हटलं होतं.

आपलं काम काय आहे हे स्लोटबोमांनी एकालाही सांगितलं नाही. गरजेपोटी बोलावलं असतं तर ती मदत मागणं झाली असती, आणि तसलं त्यांच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. रविवारी मार्लेननं फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, लोकांची रांग लागली आहे.

रांग खरोखर लागायची, पण ती पार्सलांची.

गल्लीतल्या लोकांनी मागवलेल्या वस्तू घेऊन माणूस यायचा. ज्याचं पार्सल तो घरी नसला, की ते घरी असणाऱ्या शेजाऱ्याकडे ठेवायची रीत होती, आणि स्लोटबोम सदैव घरी असायचे. त्यांच्या दारामागच्या अरुंद बोळात खोक्यांची उतरंड लागलेली असे. हमीदचे तर इतके बूट यायचे की त्याला गोमेइतके पाय असावेत. जुळ्यांच्या लंगोटांची मोठाली खोकी यायची. रोशनीबाईंचं एक चपटं खोकं यायचं, कोपरा चेपलेलं, आणि हे आपण आधीही पाहिलंय असं स्लोटबोमांना दर वेळी वाटायचं. "माझ्या घराचं गोदाम करून टाकलंय," असं ते मार्लेनला सांगत, ज्या सुरात इतर लोक नातवंडांच्या खोड्या सांगतात.

संध्याकाळी एकेक जण आपलं खोकं न्यायला येई. त्याला वेळ ठरवावी लागत नसे. पार्सल म्हणजे कामच. हमीद जिन्याच्या कठड्याला रेलून पंपांविषयी ऐकत उभा राही. जुळ्यांची आई दूध जास्त आणलं गेलं म्हणून एखादी बाटली त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून जाई. रोशनीबाई म्हणत, तुमच्या बोळात अंधार फार, जरा उजेडात या, खोक्यावरचं नाव नीट दिसत नाही; आणि खोक्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहत.

सोमवारी पार्सलवाला तेच चेपलेलं खोकं घेऊन आला. सही करता करता स्लोटबोमांची नजर सहज समोर गेली. रोशनीबाई आपल्या खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून, शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. पार्सलवाल्याची गाडी त्यांच्याच दारात उभी होती.

"त्या काय, घरातच बसल्यात," स्लोटबोम म्हणाले. "त्यांनाच द्या की."

"त्यांनी मागवतानाच कळवलंय, एकोणीस नंबरला द्या म्हणून," पार्सलवाला म्हणाला. "इथल्या अर्ध्या लोकांचं तसंच असतं. मला वाटलं, तुमचं दुकान आहे."

स्लोटबोमांनी खोकं धड हाताखाली धरलं, रस्ता ओलांडला आणि समोरची घंटा वाजवली. वेळ न ठरवता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रोशनीबाईंनी दार उघडलं. आधी खोक्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"कळलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"काय आहे या खोक्यात?"

"तव्याचं झाकण. मी ते मागवते, तुमच्याकडून आणते, परत पाठवते, आणि पुन्हा मागवते. तवा माझ्याकडे नाहीच."

"ही पाळत झाली."

"झाली."

आपण कधी कोणाकडे मदत मागितली नाही, स्लोटबोम म्हणाले.

"तीच तर पंचाईत आहे. त्रूस गेल्यावर मी दोनदा आले होते, चांगली वेळ ठरवून. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, धन्यवाद, सगळं ठीक आहे. आणि दोन्ही वेळा तुमचा स्वेटर उलटा होता." रोशनीबाईंनी खोकं हातात घेतलं. "मग एकदा हमीदचे बूट चुकून तुमच्याकडे आले. घ्यायला गेला, तर तुम्ही त्याला पाऊण तास पंप समजावून सांगितलेत. बाहेर येऊन तो मला म्हणाला, बुरमानला माणूस चालत नाही, पण पार्सल चालतं."

"हमीदला पंपांची आवड आहे," स्लोटबोम म्हणाले.

"हमीद ट्राम चालवतो, बुरमान," रोशनीबाई मऊ आवाजात म्हणाल्या.

घरी येऊन स्लोटबोमांनी एक पुठ्ठा घेतला, पंपघरात धोक्याच्या पाट्या लिहायचे तसल्या ठसठशीत अक्षरांत त्यावर "इथे पार्सलं घेतली जात नाहीत" असं लिहिलं आणि दारावर लावून टाकला. आपण इतकी वर्षं एका गल्लीची दया खात होतो आणि वर ती मिळाल्याची सही देत होतो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मंगळवारी घंटा वाजली नाही. फ्रिज आवाज करतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. बुधवारी पार्सलवाल्यानं पाटी वाचली, मान हलवली आणि सगळी खोकी ज्याची त्याला दिली. रोशनीबाईंना स्वतःचं पार्सल स्वतःच घ्यावं लागलं. लग्नातला आहेर परत आल्यासारखं त्यांनी ते आत नेलं. दुपारी हमीद पाळी संपवून आला, पाटीसमोर थांबला आणि त्यानं ती दोनदा वाचली. घंटा काही वाजवली नाही, कारण वाजवायला कारण नव्हतं. मात्र वाऱ्यानं वाकडं झालेलं पायपुसणं पायानं सरळ करून गेला. वरच्या खिडकीतून स्लोटबोमांनी ते पाहिलं.

मग त्यांची नजर समोरच्या छपरांवरून कालव्यापलीकडे गेली. अख्खी वस्ती समुद्राच्या पातळीखाली वसलेली. तिथले पंप सदा चालू, आणि इतके हळू की निजलेल्याला चाहूल लागू नये. ती आवाज न करण्याची अदब स्लोटबोमांनीच नव्या कामगारांना शिकवली होती. लोक कोरड्या गादीवर झोपायचे आणि सकाळी उठून पंपघराला धन्यवाद द्यायला येत नव्हते. कोणी यावं अशी अपेक्षाही नव्हती. पण एखादा उठून म्हणाला असता, की मी कोरडा आहे तो माझ्या स्वतःच्या हिमतीवर, तर स्लोटबोम पोट धरधरून हसले असते.

हा विचार वेळ न ठरवता आलेल्या पाहुण्यासारखा बराच वेळ बसून राहिला. मग ते खाली उतरले, शेवटची पायरी विशेष जपून, आणि पाटी काढली.

गुरुवारी फेना ठरल्या मिनिटाला आली. टेबलावर लंगोटांचं खोकं होतं, म्हणून तिला लॅपटॉप परत मांडीवर घ्यावा लागला. खोकं तिथेच राहू द्या, ती म्हणाली, आणि मागच्या वेळचाच प्रश्न विचारला. ते पडले, तर कोणाच्या लक्षात येईल?

"सकाळी माझा वरचा पडदा उघडला नाही, तर समोरच्या रोशनीबाईंच्या," स्लोटबोम म्हणाले. "त्यांच्या लक्षात आलं की हमीदच्या. त्याच्याकडे माझी किल्ली नाही, पण मी ती कुठे लपवतो ते त्याला नक्की माहीत असणार. इथे लपलेलं काही राहत नाही, हे मला याच आठवड्यात कळलं."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, कोणाच्याही लक्षात येणार नाही."

"मागच्या वेळी मला ठाऊक नव्हतं." पुढचं वाक्य त्यांनी लंगोटांच्या खोक्याकडे बघत म्हटलं. "मला ही माणसं लागतात."

जन्मभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालं होतं. छप्पर कोसळलं नाही. फेना लिहायची थांबली.

"आणि त्यांना तुम्ही कशासाठी लागता?"

"मी घरी असतो," स्लोटबोम म्हणाले.

तेवढ्यात घंटा वाजली. बूट न्यायला हमीद आला होता, ट्रामच्या गणवेशात. पालिकेची बाई बघून तो सावरला, तिला रीतसर नमस्कार केला, आणि सवयीनं कठडा हलवून बघितला.

"हा खिळा ढिला झालाय, बुरमान. शनिवारी ठोकून देतो."

"तुला तर वीस तारखेपर्यंत वेळ नव्हता."

"तो कॉफीला नव्हता," हमीद म्हणाला. "हा खिळा आहे."

तो गेल्यावर फेना बराच वेळ लिहीत होती. तिच्या लॅपटॉपमध्ये आई, भाऊ, मित्र, चर्च, मशीद अशा सगळ्यांना रकाने होते, पार्सलला नव्हता. तिनं तो बहुधा पाडून घेतला. खुर्ची वसंतात बसेल, दुसऱ्या बाजूलाही कठडा लागेल, असं तिनं सांगितलं, तेव्हा स्लोटबोमांनी बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडून तिच्यापुढे धरला. ही लाच तर नव्हे, म्हणून फेना क्षणभर घाबरली. मग तिनं एक घेतलं.

खुर्ची बसली. जुळी पहिल्याच दिवशी आईसोबत येऊन तिच्यावर वरखाली करून गेली. पुढच्या रविवारी स्लोटबोमांनी मार्लेनला विचारलं, की घरबसल्या वस्तू कशी मागवतात. बाबांना काय हवंय, तिला कळेना. तवा, ते म्हणाले. माप एका ओळखीच्या झाकणाचं. मग त्यांनी आणखी एक शंका विचारली, आणि मार्लेनला ती दोनदा समजावून घ्यावी लागली.

ठरल्या दिवशी ते दाढी करून खालच्या खिडकीत बसले. पार्सलवाल्याची गाडी त्यांच्या दारात थांबली. तो उतरला, खिडकीतल्या स्लोटबोमांकडे बघितलं, खोक्यावरच्या पत्त्याकडे बघितलं, एक सुस्कारा टाकला आणि रस्ता ओलांडून समोर गेला.

स्लोटबोमांनी शोभेल इतका वेळ जाऊ दिला. मग केस विंचरून तेही गेले.

"तुम्ही घरीच होतात," रोशनीबाई दारात उभं राहून म्हणाल्या. "खिडकीत बसला होतात. मला दिसत होतं."

"होतो."

"मग?"

"पार्सल न्यायला आलोय," स्लोटबोम म्हणाले.

रोशनीबाई दारातून बाजूला झाल्या.

"या आत," त्या म्हणाल्या. "जरा उजेडात या."